किलोमीटरमागे पाच

“बसायचं तर धड बसू द्यावं, नाहीतर सरळ उभं राहू द्यावं. हे काय मधलंच!”

ताई स्वतःशीच पुटपुटली. माझं डोकं तिच्या सीटखाली होतं, तोंडात तारेच्या दोन कड्या होत्या, त्यामुळे तिला वाटलं मला ऐकू गेलं नसेल. पण सीटखाली सगळं ऐकू येतं. बावीस वर्षं मी गाड्यांच्या सीटा शिवते आहे. सीटखाली मला नाणी सापडतात, कानातली सापडतात, एकदा कवळी सापडली होती. आणि वर बसलेल्या माणसाला आपण एकटेच आहोत असं वाटायला लागलं, की तो जे बोलतो तेही सापडतं.

“काय म्हणालीस?” मी कड्या हातात घेऊन विचारलं.

“कुठे काय. गादी छान झालीय म्हटलं.”

गादी छान वगैरे काही झाली नव्हती. ताईच्या एकाच सीटवर माझी ही तिसरी खेप होती. ही गाडी मुळात पेट्रोलसाठी आखलेली. मग कुणा हुशाराने तिच्या पोटात बॅटरी कोंबली. बॅटरी गेली पायाखाली, तळ आला वर, आणि सीट राहिली होती तिथेच. धडधाकट माणसाला ते कळतही नाही. ताईचे गुडघे मात्र असे वर यायचे, की लांबून बघणाऱ्याला वाटावं बाई पाटावर बसलीय. पहिल्या खेपेला मी दोन बोटं फोम वाढवला. दुसऱ्या खेपेला चार बोटं वाढवला, तर अंबाडा छताला टेकायला लागला. आता मी पुढची कड कापून उतार देत होते. फोमने काय व्हायचं ते होतं, त्यापुढे फोमचं चालत नाही.

दुकानाबाहेर भावोजी कुणाला तरी सांगत होते, “गाडी एक किलोमीटर चालली की पाच रुपये वाचले. दोन चालली की दहा. तुम्ही झोपलात तरी हा नियम झोपत नाही.”

गाडी झोपली की नियमही झोपतो, हे ऐकणाऱ्याच्या ध्यानात आलं नाही. भावोजींच्या बोलण्यात ती खुबी आहे. चौतीस वर्षं वजनमापं तपासणारे निरीक्षक होते ते. बाजारात शिरले की तराजू आपोआप सरळ व्हायचे म्हणतात. एक ग्रॅम इकडचा तिकडे त्यांनी कुणाला करू दिला नाही, आणि कुणाकडून पेलाभर पाणीसुद्धा घेतलं नाही. टेपवरच्या बारीक रेघा मला त्यांनीच शिकवल्या. शाळा अर्धी सोडलेली मी, दुकान काढते म्हणाले तेव्हा घरातले सगळे हसले होते. भावोजी हसले नाहीत. त्यांनी एक पोलादी पट्टी आणून दिली आणि म्हणाले, “डोळ्यावर विश्वास ठेवू नकोस, हिच्यावर ठेव.”

अशा माणसाने आयुष्यात एकच माप चुकवलं, आणि नेमकं ते घरात चुकवलं.

त्याचं असं झालं. निवृत्त झाल्यावर भावोजींना नवी गाडी घ्यायची होती. एकाच कंपनीची, एकाच आकाराची, एकाच रंगाची गाडी दोन तऱ्हेची मिळत होती. पेट्रोलची स्वस्त, विजेवरची साडेचार लाखांनी महाग. भावोजी तीन आठवडे पेन्सिल घेऊन बसले. एका किलोमीटरमागे विजेवर पाच वाचतात. म्हणजे नव्वद हजार किलोमीटर झाले की जास्तीचे साडेचार लाख वसूल. रोजचे साठ किलोमीटर धरले तर चार वर्षं आणि चाळीस दिवस. त्या चाळीस दिवसांचा त्यांना फार अभिमान. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चारेक वर्षं.

आता हे साठ किलोमीटर आले कुठून? नोकरीत असताना ते गावोगावच्या बाजारांना जायचे, तेव्हाची ती सरासरी होती. पंधरा वर्षांच्या डायऱ्या काढून, बेरीज करून, भागून काढलेली. बिनचूक. फक्त नोकरी संपली होती. आता त्यांना जायचं असतं ते सकाळी दुधाला, संध्याकाळी वाचनालयात, आणि आठवड्यातून एकदा दाढीचं सामान संपलंय का ते बघायला. तराजूच्या काट्यावरची माशी ज्याला दुरून दिसायची, त्याला एवढी गोष्ट दिसू नये!

आणि साडेचार लाख आले कुठून? ते बँकेत होते. ताईच्या दोन गुडघ्यांसाठी बाजूला ठेवलेले. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरून सांगितलं होतं, हाडावर हाड घासतंय, वर्षाच्या आत दोन्ही बदलून घ्या, पुढे बदलूनही उपयोग कमी. दोन गाड्यांमधला फरक आणि दोन गुडघ्यांची किंमत, आकडा एकच निघाला. भावोजींना त्यात शुभशकुन दिसला. ते ताईला म्हणाले, “अगं, पैसे जाताहेत कुठे? चार वर्षांत गाडीच ते परत करतेय. तोवर तुला पायी चालायचंच नाही. दारातून गाडीत, गाडीतून दारात. मग सावकाश ऑपरेशन करू, तोवर गुडघेही नवीन तऱ्हेचे निघतील.”

ताईने बँकेच्या कागदावर सही केली. त्याला दीड वर्ष झालं.

तेव्हापासून आमच्या घरात या विषयाला कुणी हात लावत नाही. ताईने मला बजावलं होतं, “तू काही बोलायचं नाहीस हं. तो माणूस आधीच घरी बसून खंगलाय.” मी बोलले नाही. मला ती पोलादी पट्टी आठवायची. माझा नवरा बोलला नाही, कारण साडूच्या घरच्या भानगडीत पडायचं नाही हे त्याचं एकमेव तत्त्व. आणि ताई तर काय, ताईच.

मग सुरू झाली कमाई. हा भावोजींचा शब्द. “आज बावन्न कमावले,” असं ते संध्याकाळी सांगायचे. साठ भरले नाहीत की चेहरा पडायचा, आणि जेवण झाल्यावर “चल, जरा आठ करून येऊ” म्हणून ताईला उठवायचे. भाजी गावाबाहेरच्या बाजारातून, कारण तो अकरा किलोमीटरवर. केस कापायला पलीकडच्या शहरात. शेजारची म्हातारी देवळापर्यंत निघाली की तिला आग्रहाने गाडीत घालायचे आणि तळ्याला वळसा घालून न्यायचे. ती बिचारी एकदा मला म्हणाली, “हल्ली देऊळ लांब गेलंय का गं?” ताई प्रत्येक फेरीत हवीच. दोघं गेलं की दोन माणसांचं बसभाडं वाचतं, असा काहीतरी हिशेब होता. आणि प्रत्येक फेरीत ती दोनदा बसायची, दोनदा उठायची. गुडघ्यांच्या पैशांसाठी गाडी पळत होती, आणि ती पळवण्यासाठी गुडघे झिजत होते. सेलमध्ये नको असलेल्या सहा चादरी आणून नऊशे वाचवले म्हणणारी बाई मला परवडली. तिच्याकडे निदान चादरी तरी असतात.

गाडीचा दोष नाही हं. आमच्या गल्लीत औषधं पोचवणारा एक ड्रायव्हर आहे, दिवसाला दीडशे किलोमीटर फिरतो. त्याने तसलीच गाडी घेतली आणि दोन वर्षांतच मोकळा झाला. त्याच्या सीटचं रेक्झिन फाटलंय, तो हसत येतो. त्याला कुठेतरी जायचं असतं.

आता आमच्या घरचं दुसरं टोक सांगते. माझा नवरा गॅरेजवाला. गल्ली त्याला मिस्त्री म्हणते, मीही रागावले की तेच म्हणते. त्याची पेट्रोलची गाडी अठरा वर्षांची आहे आणि तिच्यावर दमडी खर्च नाही, असं तो छातीठोक सांगतो. दमडी नाही हे खरंच. क्लच भंगारातल्या गाडीचा, रेडिएटर गिऱ्हाइकाने टाकून दिलेला, मजुरी स्वतःची. माझे रविवार त्यात कुणी धरत नाही. दिवा धरून उभं राहायला मी, ब्रेक दाबायला मी, “दाब, सोड, दाब, सोड” करत माझा उजवा पाय लग्नात होता त्याच्या दुप्पट मजबूत झालाय. विजेच्या गाड्यांना तो खेळणं म्हणतो. त्यामागे भीती आहे, हे मला माहीत आहे. त्या गाड्यांना ऑइल लागत नाही, प्लग लागत नाही, सायलेन्सर लागत नाही. मिस्त्रीही लागणार नाही.

तर असे हे दोन शास्त्रज्ञ. आणि त्यांच्यामध्ये सापडले चष्मेवाले.

चष्मेवाल्यांचं दुकान माझ्या दुकानासमोर. सज्जन माणूस, हळू बोलणारा. त्यांना गाडी घ्यायची होती आणि ते रस्ता ओलांडून विचारायला आले, वीज की पेट्रोल? ज्या दिवशी मी ताईच्या सीटची कड कापत होते, त्याच दिवशी. चूक त्यांची नाही. आमच्या घरात हा प्रश्न विचारायचा नसतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

“वीज!” भावोजी म्हणाले.

“पेट्रोल!” शेजारच्या गॅरेजमधून आवाज आला. पाठोपाठ मिस्त्री हात पुसत बाहेर आले. “साहेब, तुमच्या गाडीची बॅटरी आठ वर्षांनी मेली, की नवी गाडी येईल तेवढ्यात नवी बॅटरी. ते तुमच्या वहीत आहे का?”

“आठ वर्षांची हमी आहे, मिस्त्री. आणि तुमच्या गाडीचा धूर आमच्या फुप्फुसात जातो, तो तुमच्या वहीत आहे का?”

“माझ्याकडे वहीच नाही.”

“तेच तर!”

चष्मेवाले म्हणाले, “नाही, म्हणजे, मला नुसतं साधारण कळलं असतं तरी...”

साधारण हा शब्द भावोजींसमोर उच्चारायचा नसतो. पाच मिनिटांत ठरलं, रविवारी सकाळी दोन्ही गाड्या घेऊन धरणापर्यंत जायचं आणि परत यायचं. बरोबर शंभर किलोमीटर. पेट्रोलची टाकी काठोकाठ, बॅटरी पूर्ण. परत आल्यावर पुन्हा काठोकाठ भरायचं आणि किती लागलं ते बघायचं. चष्मेवाल्यांनी जाताना एका गाडीत बसायचं, येताना दुसऱ्या. पंच म्हणून.

रविवारी ताईला घरी राहायचं होतं. तसं तिने आदल्या दिवशी सांगितलंही होतं. पण सकाळी ती हजर, कारण दोन्ही गाड्यांत भार सारखा हवा. मिस्त्री आणि मी मिळून एकशे छत्तीस किलो, भावोजी एकटेच अडुसष्ट.

“वाळूची पोती टाका ना,” मी म्हटलं.

“पोती सरकतात. वळणावर भार एकीकडे जातो. माणूस कसा, बसला की बसला.”

“येते मी,” ताई म्हणाली. “मला काय काम आहे!”

अशी ताई वजन म्हणून निघाली.

वजनं भंगारवाल्याच्या काट्यावर झाली. आधी भावोजींनी स्वतःची पितळी मापं ठेवून काटाच तपासला. चाळीस ग्रॅमचा फरक निघाला, तर भंगारवाल्याला उभं करून समज दिली. सुट्टीच्या दिवशी, फुकट काटा वापरायला दिलेल्या माणसाला! मग एकेक जण वर चढलो. काट्याचा चौथरा वीतभर उंच. ताईने माझ्या खांद्याला धरून एक पाय वर ठेवला, दुसरा ठेवायला तिला एवढा वेळ लागला, की भंगारवाल्याने मान फिरवली. मी तिच्या काखेत हात घातला. “हात काढ गं,” भावोजी म्हणाले, “तुझा भार येतोय त्यात.”

मी हात काढला. ताई एकटी उभी राहिली. बोटांनी साडीच्या निऱ्या घट्ट धरलेल्या.

“एक्क्याऐंशी!” भावोजींनी मोठ्याने वाचलं, बाजारात वाचायचे तसं. “म्हणजे आमचे झाले एकशे एकोणपन्नास. मिस्त्री, तुम्ही तेरा किलोचे पाने ठेवा गाडीत.”

“तुमच्या बॅटरीचे तीनशे किलो आधी बाहेर काढा, मग माझे पाने मोजा,” मिस्त्री म्हणाले. पण ठेवले.

शर्यत म्हटलं की लोकांना वेग आठवतो. ही काटकसरीची शर्यत होती. दोघेही ताशी चाळिसाच्या वर जायला तयार नाहीत. एसी बंद, कारण तो खातो. काचा बंद, कारण वारा आत शिरला की गाडीला ओढतो. बाहेर ऊन असं, की रस्त्यावरचं डांबर लकाकत होतं. उतार आला की मिस्त्री इंजिन बंद करून गाडी सोडून द्यायचे. मागून ट्रक कोकलायचे. सायकलवरच्या एका माणसाने आम्हाला मागे टाकलं आणि वळून काळजीने बघितलं. चष्मेवाले मागच्या सीटवर घामाने भिजलेला चष्मा पुसत बसले होते.

“काच थोडी खाली केली तर?” त्यांनी विचारलं.

“पाच पैसे जातील,” मी म्हटलं. “किलोमीटरमागे.”

ते बिचारे हसले. मी हसले नव्हते.

पुढे भावोजींची गाडी. तिचा आवाज नाही, धूर नाही, नुसती सरकत होती. मागच्या काचेतून मला ताईचं डोकं दिसत होतं. दर थोड्या वेळाने ते डावीकडे कलायचं, मग उजवीकडे. ज्या बाजूला कललं, त्याच्या उलट बाजूचा गुडघा ती हलकेच उचलत असणार, दोन्ही हातांनी, भांडं उचलल्यासारखा. मी शिवलेला उतार काही कामाचा नव्हता. मला इथून कळत होतं.

“अहो,” मी नवऱ्याला म्हटलं, “हॉर्न द्या. थांबवा त्यांना.”

“थांबून पुन्हा निघायला पेट्रोल जास्त लागतं.”

“मिस्त्री!”

“दहाच मिनिटं. धरण आलंच.”

धरणावर पुरुष खाली उतरले, हातपाय ताणले, आणि लगेच बॉनेटशी उभे राहून आकडे सांगायला लागले. ताई उतरली नाही. मी तिच्या बाजूचं दार उघडून उकिडवी बसले.

“चल, सावलीत बसू.”

“नको गं. बसलेलीच बरी आहे मी.”

“तू बसलेली नाहीस. तू अडकलेली आहेस.”

“हळू बोल.” तिने भावोजींच्या पाठीकडे बघितलं. “किती दिवसांनी असे खुश आहेत, बघ तरी. हात कसे हलवताहेत. ऑफिसातून यायचे ना, तेव्हा असे बोलायचे. आज अमक्याचा काटा पकडला, आज तमक्याची मापं जप्त केली. आता काय सांगणार, दूध आणलं?”

“ताई, डॉक्टरने वर्ष सांगितलं होतं. दीड झालं.”

“मला मोजता येतं.”

“मग बोल ना त्यांच्याशी. नाहीतर मी बोलते.”

“तू काही बोलणार नाहीस.” तिने माझ्या कपाळावरचा घाम पदराने टिपला, मी सात वर्षांची असल्यासारखा. “सत्तावीस हजार झालेत. अजून त्रेसष्ट राहिले.”

मला तिचा असा राग आला, की मी उठून पाणी आणायच्या निमित्ताने लांब गेले. राग आकड्याचा होता. तिला तो पाठ होता. म्हणजे ती रोज मोजत होती. भावोजी कमवत होते, मिस्त्री खेळणं म्हणून हसत होते, मी फोम कापत होते, आणि ही एकटीच बाई त्या गाडीवर खरोखर विश्वास ठेवून बसली होती. की विश्वासही नाही, नुसतीच बसली होती?

परतीला चष्मेवाले भावोजींच्या गाडीत गेले. ते पाने त्यांच्यासोबत हलवायचे का, यावर दहा मिनिटं वाद झाला, ते जाऊ दे.

गॅरेजपाशी पोचलो तेव्हा बारा वाजले होते. मिस्त्री आधी पेट्रोल भरून आले, सहा लिटर आणि वर थोडं. भावोजींनी गाडी चार्जिंगला लावली, मीटरचा आकडा पाठ करून ठेवला आणि जेवायच्या आधीच निकाल हवा म्हणून गाडीच्या पडद्यावर दिसणारा खर्चच धरला, तेरा युनिट. चष्मेवाल्यांनी मिस्त्रीच्या गाडीच्या बॉनेटवर वही पसरली. ऊन, घाम, तेलाचा वास. ताई अजून गाडीतच होती. मी दार उघडून तिचे पाय हळूच बाहेर घेतले आणि जमिनीला टेकवले. ती तशीच कडेला बसून राहिली, एक हात दाराला, एक माझ्या मनगटाला. ती उठायला गेली आणि बसली. पुन्हा गेली, पुन्हा बसली. तिसऱ्यांदा गेलीच नाही.

“पेट्रोलला सहाशे वीस,” चष्मेवाले म्हणाले. “विजेला एकशे तीस. म्हणजे किलोमीटरमागे... चार रुपये नव्वद पैसे वाचले.”

“पाच!” भावोजी म्हणाले. साधारण बोललेलं त्यांना आज चाललं. “मी काय म्हणत होतो? काय मिस्त्री?”

मिस्त्री मान खाली घालून पाने मोजायला लागले. मला त्यांची दया आली. हा आकडा खरा होता, आणि दर महिन्याला खरा होत चालला होता.

“छानच की,” चष्मेवाले म्हणाले. “आणि गाडी साडेचार लाखांनी महाग, असं तुम्ही मगाशी म्हणालात. म्हणजे भागिले पाच... नव्वद हजार किलोमीटर.” त्यांनी हळूहळू लिहिलं. “मी घरून दुकानात, दुकानातून घरी. दिवसाला दहाच होतात हो माझे. म्हणजे नऊ हजार दिवस.” त्यांनी वर बघितलं. “साडेचोवीस वर्षं?”

“तुमचं फिरणं कमी आहे,” भावोजी म्हणाले. “माझे रोज साठ होतात.”

“अरे वा. कुठे जाता रोज?”

अगदी साधा प्रश्न. डोळे तपासताना विचारतात, ही ओळ दिसते का, तशा आवाजातला. भावोजींनी तोंड उघडलं.

“इकडेतिकडे,” भावोजी म्हणाले. “कामं असतात.”

“हो ना, असतातच.” चष्मेवाल्यांना काहीच कळलं नव्हतं, आणि सज्जन माणूस गप्प बसण्यापेक्षा बोलून वेळ साजरी करतो. “माझी अडचण वेगळीच आहे. पुढे वाचतील ते वाचतील, पण एवढे साडेचार लाख आज एकदम उभे करायचे म्हणजे... तुम्ही कसे केलेत हो?”

“बचत होती,” भावोजी म्हणाले.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण माझ्या मनगटावरची ताईची पकड एकदम घट्ट झाली, आणि मी पुन्हा गप्प बसले, दीड वर्ष बसले तशी.

चष्मेवाल्यांनी वहीत लिहिलं. लिहिताना मोठ्याने म्हणाले, “बचत.”

“ते खोडा,” ताई म्हणाली.

सगळे वळले. तिचा आवाज मोठा नव्हता. ती गाडीच्या कडेला बसली होती, पाय बाहेर, आणि ते दोन सुजलेले गुडघे सगळ्यांच्या समोर होते. तिने ते झाकले नाहीत.

“अगं...” भावोजी म्हणाले.

“तुम्ही थांबा हो जरा. त्यांना गाडी घ्यायचीय, त्यांना बरोबर कळू दे.” ती चष्मेवाल्यांकडे बघत राहिली. “भाऊ, बचत नाही. माझ्या ऑपरेशनचे पैसे होते ते, दोन्ही गुडघ्यांचे. आणि यांना रोज कुठेही जायचं नसतं.”